सोंगाच्या आतला माणूस

माझी उंची पाच फूट एक इंच आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढचे सारे रामायण त्या एका इंचाने घडविले आहे. या उंचीपायी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी बालनाट्यांतून ससा, माकड, झाड आणि एकदा तर हत्तीचे मागचे पाय एवढ्या भूमिका केल्या. आणि याच उंचीपायी गेल्या मे महिन्यात मुंबईबाहेरच्या एका मनोरंजन-उद्यानात चाचणीसाठी जाऊन उभा राहिलो. मोठ्या डोक्याचा, केसाळ पोषाख घालून मुलांशी हस्तांदोलन करणारा प्राणी तेथे हवा होता. उद्यानाचे नाव सांगत नाही. माझे भांडण त्या उद्यानाशी नसून तेथे कानांवर पडलेल्या एका वाक्याशी आहे.

आम्ही ऐंशी जण होतो. छातीवर टाचणीने क्रमांक लावलेला. भिंतीवर खडूच्या दोन रेघा होत्या. त्यांच्या दरम्यान ज्याचे डोके आले तो राहिला, बाकीचे आल्या पावली परत. पोषाख आधीच शिवलेला असतो, माणूस त्या मापाचा शोधावयाचा असतो. वधूसंशोधनात याहून फारसे वेगळे काही चालत नाही, तेव्हा त्याचे मला वाईट वाटले नाही.

खरी परीक्षा पुढे होती. ‘पाऊस आला आहे, छत्री उघडत नाही आणि तुम्ही अस्वल आहात. तोंडातून शब्द काढायचा नाही.’ वाचकहो, हे काम वाटते तितके पोरकट नाही. अस्वलाचा चेहरा कारखान्यातच कायमचा हसरा करून ठेवलेला असतो; तेव्हा राग दाखवावयाचा तो खांद्यांनी, लाज गुडघ्यांनी आणि दुःख मानेच्या एका कलाने. नटाची दोन मोठी हत्यारे, आवाज आणि चेहरा, दारातच काढून घेतलेली. मी त्या छत्रीशी झगडलो, मग तिची समजूत घातली, आणि अखेर तिच्यासकट भिजत उभा राहिलो. परीक्षक हसले. पंचवीस वर्षांत मिळालेल्या टाळ्यांपेक्षा ते हसू मला मोलाचे वाटले, हे कबूल करतो.

मग डोके चढविले. आतून दिसते ते तोंडाच्या जाळीतून, समोरचे चार हात. पायाशी आलेले मूल दिसतच नाही. म्हणून पाऊल उचलावयाचे नाही, सरकवावयाचे. आपलाच श्वास आपल्याच तोंडावर येतो, घाम डोळ्यांत उतरतो, आणि पंज्याला तो पुसता येत नाही. दहा मिनिटांत बनियन पिळून काढण्याजोगे झाले. तेवढ्यात कुणाचा तरी चिमुकला हात पंज्यात आला. तो कुणाचा, हे मला वाकून पाहता येईना. मी नुसता उभा राहिलो, आणि तो हातही उभा राहिला.

चौघांची निवड झाली, त्यांत मी होतो. कचेरीत कागद पुढे आला. नेमणूक कंत्राटदारामार्फत, रोजंदारीवर. पद : मदतनीस. शिवाय अट अशी की, पोषाखात आपण असतो हे कुणालाही सांगावयाचे नाही. मी विचारले, ‘मदतनीस का? नट का नाही?’ समोरचा तरुण सभ्य होता. तो म्हणाला, ‘काका, मनाला लावून घेऊ नका. आत कोणीही असलं तरी चालतं.’

आत कोणीही असले तरी चालते! मग शहात्तर माणसे घरी कशासाठी पाठविलीत? गोणी उचलणाऱ्या हमालालाही छत्रीचे दुःख खांद्यांनी दाखवावयास कुणी सांगत नाही. परीक्षा नटाची घ्यावयाची आणि मजुरी मदतनिसाची द्यावयाची, हा हिशेब चोख आहे. मात्र त्याला ‘मुलांचा भ्रम जपणे’ असले गोंडस नाव देऊ नये. मुलासमोर डोके उतरवून ‘मी अमुक अमुक’ म्हणण्याची हौस मला नाही. तो भ्रम जपणे हेच तर माझे काम! पण मुले काही पगारपत्रक वाचावयास येत नाहीत.

आणि भ्रम म्हणजे तरी इतका नाजूक असतो काय? जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहावा. तेथे गणपतीपासून महिषासुरापर्यंत सोंगे निघतात, आणि त्या त्या सोंगाचा मान त्या त्या घराण्याकडे असतो. मुखवट्याआड कोण आहे, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक असते. तरी देवाचे सोंग समोर आले की हात जोडले जातातच. माणसाचे नाव कळले म्हणून देव पळून गेल्याचे ऐकिवात नाही.

ज्यांच्या नकलेवर आपली उद्याने उभी राहतात, त्या अमेरिकेतली हकीकतही ऐकण्याजोगी आहे. 1955 च्या जुलैत कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडले, तेव्हा मिकी उंदराचे पोषाख ‘आइस कॅपेड्स’ या बर्फावर खेळ करणाऱ्या मंडळीकडून उसने आणले होते. म्हणजे या धंद्याचे पहिले कपडेच नटांचे! तेथे झाडूवाल्यापासून सर्वांना ‘नटसंचातील माणूस’ म्हणण्याची रीत आहे. रीत गोड आहे. पण फ्लोरिडातल्या उद्यानात खरोखर सोंग आणणाऱ्यांना संघटना मिळाली ती मालमोटारी हाकणाऱ्यांची, टीमस्टर्सची. पोषाखाखालची अंतर्वस्त्रे तेथे सामाईक असत. त्वचेचे रोग जडल्याच्या तक्रारी झाल्या, आणि ज्याची त्याला स्वतंत्र मिळावीत एवढ्यासाठी 2001 सालापर्यंत वाट पाहावी लागली. 2004 साली त्याच राज्यात प्लूटो कुत्र्याच्या पोषाखातला एक माणूस मिरवणुकीच्या रथाखाली सापडून मेला. आत कोणीही असले तरी चालते, हे त्याच्या घरी जाऊन कोण सांगणार? अखेर 2024 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सोंगवाल्यांनी मतदान केले. 953 विरुद्ध 258 मतांनी ते ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ या नटांच्या संघटनेत गेले. आपण नट आहोत, हे मतपेटीतून सिद्ध करण्यास त्यांना जवळजवळ सत्तर वर्षे लागली. आपण त्यांचे पाळणे उचलले, कारंजी उचलली. एवढे मात्र राहून गेले.

माझ्याबरोबर निवडलेल्या मुलीने कागदावर सही केली. तिला जूनमध्ये महाविद्यालयाची फी भरावयाची होती. तिला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. मलाही पैशांची गरज होतीच. मी ‘मदतनीस’ हा शब्द खोडला, वर ‘नट’ असे लिहिले, शेजारी आद्याक्षरे केली आणि कागद परत दिला. त्या तरुणाने तो पाहिला, फायलीत लावला आणि ‘कळवतो’ म्हणाला. अद्याप फोन आलेला नाही.