आता कळून काय उपयोग?



मोठ्या वयात एखाद्याला स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आता कळून काय उपयोग? नोकरी आहे, संसार आहे, चाललेच होते की!" आम्हांला हा प्रश्नच पटत नाही. "चाललेच होते" हे बघणाऱ्याचे मत झाले. चालवणाऱ्याला काय पडत होते, ते त्याला विचारावे.

आमचा एक माजी विद्यार्थी आज चाळिशी ओलांडलेला, हिशेबाच्या कामात पक्का. मुलाची तपासणी चालू असताना प्रश्नावली वाचता वाचता त्याला वाटले, हे तर माझेच वर्णन आहे. असे पुष्कळ पालकांचे होते. या निदानासाठी रक्ताची चाचणी नसते. तज्ज्ञ बालपणापासूनची हकीकत विचारतात. त्याच्या आईने जपून ठेवलेली प्रगतिपुस्तके तेथे कामी आली. "हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही," असा शेरा चार वर्षे ओळीने!

त्या काळी हे ओळखणार कोण? लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या स्थितीचे वर्णन केले खरे, पण बोलणारी, चांगले गुण मिळवणारी मुले या व्याख्येत येण्यास पुढे कित्येक दशके गेली. शब्दानेही घोटाळाच केला. आम्ही हिंदीत शिकलो, तेथे "स्वलीनता" म्हणतात, मराठीत "स्वमग्नता". दोन्हींत माणूस आपल्यातच रमलेला आहे असा सूर. प्रत्यक्षात तो गोंगाट, उजेड, माणसांचे न बोललेले इशारे हे सगळे एकाच वेळी झेलत दमलेला असतो.

स्कॉटलंडच्या गायिका सुझन बॉईल २००९ मध्ये जगाला माहीत झाल्या. लहानपणी त्यांच्या मेंदूला इजा झाली आहे, असे सांगितले गेले होते. पन्नाशीनंतर अ‍ॅस्पर्जरचे निदान झाले, आणि २०१३ मध्ये त्यांनी ते जाहीर करताना सुटका झाल्यासारखे वाटते असे सांगितले. आमच्या विद्यार्थ्यालाही आधी तसेच वाटले. मग मात्र काही महिने रागाचे गेले. "इतकी वर्षे मी स्वतःला आळशी आणि माणूसघाणा समजत होतो," तो म्हणाला. हा राग घरच्यांनी निघू द्यावा. लगेच समजूत घालू नये.

वडील मात्र "आपल्या घराण्यात असले काही नाही" यावर अडून आहेत. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, म्हणून बाहेर बोलू नये असा काकांचा सल्ला. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याने जे लपवले नाही ते आपण का लपवावे? सांगायचे की नाही, हे मात्र त्याचे त्याने ठरवावे, काकांनी नव्हे.

त्याने केलेले बदल साधे आहेत. कचेरीत कोपऱ्यातली जागा मागून घेतली. सराफ्यात रात्री जाणे बंद. (इंदूरकराला हे जड जाते, आम्ही जाणतो!) लग्नाला मुहूर्ताला येतो, अक्षता टाकतो आणि पंगतीआधी निघतो. नातेवाईक रुसतात. आमचे म्हणणे, रुसू नये. पाने वाढायला माणसे पुष्कळ आहेत, तो आला हे धरावे.

यंदा शाळेच्या गणेशोत्सवात सभागृहाजवळची ग्रंथालयाची खोली उघडी ठेवू. तेथे ध्वनिवर्धकाचा कर्णा नसेल. कोणीही जाऊन बसावे, कारण विचारले जाणार नाही. कार्यक्रमाचे वेळापत्रक आठ दिवस आधी घरी पाठवू.