विहिरीत उतरण्यापूर्वी



उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढण्याचे दिवस आले की एखादी दुःखद वार्ता कानी येते. एक मनुष्य जुन्या विहिरीत उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचविण्यास त्याचा भाऊ उतरतो. तोही परत येत नाही. लोक म्हणतात, विहिरीने माणसे ओढली. विहीर कोणास ओढीत नाही. मग तेथे घडते तरी काय?

हवेच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसांत व तेथून रक्तात जातो. एक लिटर रक्तात नुसता विरघळलेला प्राणवायू जेमतेम ३ मिलिलिटर मावतो; परंतु तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनच्या आधारे तेवढेच रक्त सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिनातील लोह त्याला फुप्फुसांत धरते आणि जेथे निकड असेल तेथे सोडते. विधात्याने नेमलेला हा हमाल अहोरात्र राबतो.

प्राणवायू उणा पडला तर शरीर स्वस्थ बसत नाही. मानेतील रक्तवाहिन्यांपाशी असलेले लहानसे पिंड मेंदूला वर्दी देतात आणि श्वास व नाडी जलद चालू लागतात. ह्या पहारेकऱ्यांचे कार्य दाखवून दिल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेल हेमान्स ह्यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उणीव टिकून राहिली तर मूत्रपिंडांच्या इशाऱ्याने हाडांतील मगज अधिक तांबड्या पेशी घडवितो; पण त्यास कित्येक दिवस लागतात.

येथेच एक धोका लपलेला आहे. श्वास रोखून धरला असता जो जीव कासावीस होतो, तो मुख्यत्वे आत साठणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे. प्राणवायूच्या उणिवेची वर्दी त्यामानाने फार क्षीण असते. १८७५ साली फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या विमानफुग्यातून तिघे जण ८,००० मीटरांहून उंच गेले. प्राणवायूच्या पिशव्या जवळच होत्या. परंतु हात उचलण्याचे त्राण उरले नाही. दोघे मरण पावले. वाचलेले गास्तों तिसांदिये ह्यांनी लिहून ठेवले की, त्या वेळी त्यांना यातना झाल्याच नाहीत.

बंद विहिरीत अथवा धान्याच्या पेवातही असेच घडते. कुजणारा पाला प्राणवायू खातो. साठविलेले धान्यही श्वसन करून तो संपविते. जड कार्बन डाय-ऑक्साइड तळाशी साचतो. प्राणवायू अत्यल्प असेल तर त्या हवेतील श्वास रक्ताला काही देत नाही, उलट रक्तातलाच प्राणवायू बाहेर काढतो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. घाबरण्यासही अवधी मिळत नाही.

आपले वाडवडील आधी कंदील सोडून पाहत. तो विझला तर मुळीच उतरू नये. पण तो जळत राहिला म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण कित्येक विषारी वायूंची त्याला वार्ता नसते. गोबरगॅसच्या वा मैल्याच्या टाकीपाशी तर दिवा नेऊच नये, भडका उडेल. विहिरीत इंजिन उतरवून चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायू हिमोग्लोबिनाला असा चिकटतो की, प्राणवायूला जागाच उरत नाही. पंख्याने वा भात्याने आत ताजी हवा पुष्कळ वेळ सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेला व खांद्यांना दोर बांधावा आणि दोराचे टोक वर दोघा-तिघा सशक्त माणसांच्या हाती असावे.

आणि कोणी आत कोसळलाच, तर त्याच्या मागोमाग उडी घेऊ नका. दोर असेल तर वरूनच ओढा, आत हवा सोडा, १०१ वा ११२ क्रमांकावर अग्निशामक दलास बोलवा. शेजाऱ्यासाठी प्राण देणे ही थोर प्रीती होय. परंतु ख्रिस्तसभा ज्या चार मूलभूत सद्गुणांची शिकवण देते, त्यांत विवेक अग्रभागी आहे. विवेकावाचून घातलेली उडी एका घराऐवजी दोन घरांचे दिवे मालविते.

येत्या रविवारी मिस्सानंतर ही गोष्ट आपल्या तरुण मुलांना अवश्य सांगा.