मुक्कामाची पट्टी

परदेशात नोकरी लागली की आमच्या परभणी जिल्ह्यात पेढे वाटले जातात आणि पगाराचा आकडा गावभर होतो. तिथं कायदेशीर राहण्यासाठी त्या सरकारला किती मोजावे लागतात, तो आकडा मात्र कुणी सांगत नाही. मी सेलूत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करतो, पीकविम्यापासून व्हिसापर्यंत. त्यामुळे तो आकडा मला पाठ आहे, आणि दरवेळी भरताना राग येतो.

ब्रिटनचं घ्या. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेले दर सांगतो. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा स्किल्ड वर्कर व्हिसा १,५१९ पौंड. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे पाच वर्षांचे ५,१७५, आणि तेही अर्जासोबत आगाऊ. पाच वर्षांनी कायम राहण्याचा परवाना ३,०२९ पौंड. बेरीज ९,७२३. पौंड ११५ रुपयांना धरला तरी अकरा लाखांच्या वर. बायको आणि दोन लेकरं सोबत असतील तर हाच हिशेब ३६ हजार पौंडांपुढे, म्हणजे चाळीस लाखांच्या पार जातो.

हे आपल्या भाषेत सांगू? २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. एका माणसाच्या मुक्कामासाठी २१० क्विंटल सोयाबीन लागतं. एकरी सात क्विंटल उतार धरला तर तीस एकरांचं पीक, आणि तेही हमीभाव खरोखर मिळाला तर! आमच्याकडे तीस एकरवाले किती, ते तुम्हीच मोजा.

लोक म्हणतात, देश त्यांचा, दर त्यांचे, कुणी बोलावलं होतं का? हो, बोलावलंच होतं. तिथल्या कंपनीला माणूस हवा असतो म्हणूनच ती प्रायोजक होते. दर ठरवायचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. माझं भांडण त्या पैशाला 'फी' म्हणण्याशी आहे. फी म्हणजे कामाचा मोबदला. २०१८ साली कायम परवान्याची फी होती २,३८९ पौंड, आणि एक अर्ज निकाली काढायचा खर्च तिथल्या गृहखात्याच्याच हिशेबानं होता २४३ पौंड. जवळजवळ दहापट! उरलेल्या पैशाला आपल्याकडे पट्टी म्हणतात. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी ही मुक्कामाची पट्टी. त्यांच्या २०१४ च्या कायद्यात तशी सोयच आहे: अर्जदाराला होणारा फायदा बघून फी ठरवता येते.

आरोग्य अधिभार तर उघड दुहेरी वसुली आहे. हा माणूस तिथं पगारातून आयकर भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो. त्याच दवाखान्यासाठी तो पुन्हा अधिभारही भरतो. २०१५ मध्ये हा अधिभार वर्षाला २०० पौंड होता. नऊ वर्षांत तो पाचपटीवर गेला. कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, नर्स आणि आरोग्यसेवकांना तो माफ करावा लागला, कारण जीव वाचवणाऱ्यांकडूनच पैसे घेतल्याची लोकांना लाज वाटली. म्हणजे आवाज उठला की हा आकडा हलतो.

आणि हे सगळीकडे असंच असतं, हेही खोटं. जर्मनीत कायम वास्तव्याचा नेहमीचा परवाना ११३ युरोत मिळतो. त्या देशाचा कारभार काही बुडाला नाही. उलट सौदीकडे बघा. २०१७ मध्ये तिथं सोबतच्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिन्याला १०० रियाल लावले, २०२० पर्यंत ते ४०० केले. बायको आणि दोन लेकरं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. मग साध्या पगाराचा माणूस काय करणार? घरच्यांना विमानात बसवून परत पाठवणार आणि स्वतः एका खोलीत सहाजणांसोबत राहणार. ही पट्टी पैसे तर घेतेच, वर संसारही मोडते.

आपलं सरकार काय करतं? २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. तिथं तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षं सामाजिक सुरक्षेच्या दुहेरी वर्गणीतून सूट मिळणार, याचा गाजावाजा झाला. आरोग्य अधिभार मात्र जसाच्या तसा राहिला. व्हिस्की आणि मोटारींवरच्या करासाठी आपण वर्षानुवर्षं घासाघीस करतो. माणसांवरच्या कराची वेळ आली की गप्प!

तोवर आपण एवढं तरी करू. ऑफर लेटर आलं की पगार विचारण्याआधी विचारा: व्हिसाची फी कोण भरणार? अधिभार कोण भरणार? घरच्यांचा कोण भरणार? ब्रिटनमध्ये कंपनीला हे पैसे भरता येतात, सक्ती नाही एवढंच. ती नाही म्हणाली तर बेरीज कागदावर मांडा आणि तो कागद बापाला दाखवा. जमिनीवर कर्ज त्याच्या सहीनं निघतं. सही करण्याआधी पूर्ण आकडा बघायचा हक्क त्याला आहे.