कोटणीसांची कथा आणि खेड्यातला दवाखाना

युद्धाच्या पार्श्वभूमीवर फुललेली प्रीती हा हिंदी चित्रपटांचा हुकमी विषय आहे. १९४६ साली राजकमल कलामंदिराने काढलेला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ याच जातीचा. मात्र त्याचा नायक सैनिक नसून सोलापूरचा एक डॉक्टर आहे, आणि त्याची कथा मुळात खरी आहे. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शनाबरोबर कोटणीसांची भूमिकाही केली. चिनी नायिका जयश्रीबाईंनी रंगविली. कोटणीसांचे नाव घरोघरी नेण्याचे श्रेय या चित्रपटास दिलेच पाहिजे. परंतु त्याने जनमानसात रुजविलेली सेवेची कल्पना कितपत पुरेशी आहे, हेही तपासले पाहिजे.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ साली, सुभाषबाबू अध्यक्ष असताना, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. नागपूरचे डॉ. चोळकर त्यात होते. त्यासाठी लोकांकडून वर्गणी जमविण्यात आली. पुढे कोटणीस उत्तर चीनमध्ये, डॉ. बेथ्यून यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. परिचारिकांना शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराने त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा काही महिन्यांचाच होता.

पडद्यावर हे सारे एका असामान्य पुरुषाच्या त्यागाचे रूप घेते. वस्तुतः त्या त्यागामागे वर्गणी देणारा समाज होता, सहकारी डॉक्टर होते, शिकणारे विद्यार्थी होते आणि त्याच कामात मुरलेली सहधर्मचारिणी होती. ही प्रीती रुग्णालयाच्या कामातच जुळली व टिकली. प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र नायक राहतो आणि रुग्णालय पुसले जाते.

हा दोष केवळ चित्रपटाचा नव्हे. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने अनेक कुटुंबे खंगली आहेत. तेथे डॉक्टर टिकत नाही म्हटले की आजची पिढी ध्येयशून्य झाली, असा निवाडा तत्काळ दिला जातो. तो देणारा सुशिक्षित गृहस्थ स्वतःच्या डॉक्टर मुलासाठी मात्र शहरात जागा शोधीत असतो. त्यागाची अपेक्षा नेहमी दुसऱ्याच्या मुलाकडूनच असते!

ध्येयवाद निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. कोटणीसांना परत येता आले असते. ते राहिले, हे त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु असे मोठेपण दुर्मीळ असते, आणि दुर्मीळ वस्तूच्या भरवशावर सार्वजनिक व्यवस्था उभारता येत नाही. एकट्या डॉक्टरला परिचारिका, औषधे, तपासणीची सोय व राहण्यास धड घर नसेल, तर त्याचे ज्ञान निम्मे वाया जाते. हा साधा हिशेब आहे.

बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना कोटणीसांची कथा अवश्य सांगावी. मात्र ती सांगण्यापूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या दवाखान्यांत परिचारिकेची जागा भरलेली आहे की नाही, हे जिल्ह्याने पाहिले पाहिजे. हुतात्म्याची वाट पाहणाऱ्या समाजाला तोवर निदान डॉक्टर तरी मिळावा.