मध्यक म्हणजे भविष्य नव्हे

स्तनाचा कर्करोग उपचारानंतर काही वर्षांनी पुन्हा उद्भवला, की स्त्रीच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो 'आता किती दिवस?' हा. या प्रश्नाला एकच आकडा सांगून मोकळे होण्याची रीत शास्त्राला धरून नाही.

अंदाज बांधता येतो, यात शंका नाही. रोग त्याच जागी परतला आहे की हाडांत, यकृतात किंवा मेंदूत पसरला आहे. मधला निरोगी काळ किती गेला. कर्कपेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राही आहेत की नाहीत, यांवर तो अवलंबून असतो. दीर्घ काळाने केवळ हाडांत परतलेला रोग सामान्यतः मंदगती असतो; लवकर यकृतात वा मेंदूत शिरलेला अधिक घातक ठरतो.

परंतु हे अनुमान समूहाचे असते. मध्यक म्हणजे निम्म्या रुग्णांनी ओलांडलेली मर्यादा. त्या पुढे किती जगल्या, हे तो सांगत नाही. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये उदरावरणाचा दुर्मिळ कर्करोग झाला. त्या रोगाचा मध्यक ८ महिन्यांचा होता. गूल्ड २००२ पर्यंत जगले.

शिवाय प्रत्येक आकडा भूतकाळाचा असतो. 'हर-२' या जनुकाच्या जादा प्रती असलेला रोग लवकर उलटतो, असे डेनिस स्लॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले. पुढे त्यावरच ट्रॅस्टुझुमॅब हे औषध निघाले. २००१ च्या प्रयोगात, पसरलेल्या रोगातील मध्यक त्यामुळे २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, पर्टुझुमॅबची जोड मिळालेल्या गटात तो ५६.५ महिने भरला. दोन्ही प्रयोगांतील स्त्रिया सर्वस्वी सारख्या नव्हत्या, हे खरे. तरी जे लक्षण अशुभ मानले जाई, तेच उपचाराची वाट दाखविणारे ठरले.

म्हणून आकडा दडवावा काय? मुळीच नाही. नातेवाइकांना सांगून रुग्णेपासून लपविणे हा तर तिच्यावर अन्यायच होय. मुलांचे शिक्षण, घराची कागदपत्रे, राहून गेलेल्या भेटी यांची व्यवस्था तिलाच लावावयाची असते. वैद्याने प्रथम तिला किती जाणून घ्यावयाचे आहे ते विचारावे. मग एका आकड्याऐवजी, बहुतेकींच्या वाट्याला येणारा काळ कोणता, वाईटात वाईट व चांगल्यात चांगला कोणता, हे सांगावे. अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगणे ही शास्त्राची दुर्बलता नव्हे. ते त्याचे कर्तव्य आहे.