गाळाच्या बाटल्या



परवा गावाहून पुतण्याचा फोन आला. "काका, धरणातला गाळ आणून वावरात पसरलाय, आता बघा पीक!" 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही २०१७ ची योजना मला मान्यच आहे. पण मी विचारलं, "अरे, तो गाळ आला कुठून?" तो नुसता हसला. म्हणून हा लेखनप्रपंच.

संगमनेरला शिकवत असताना मी मुलांकडून पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायचो. एक म्हाळुंगी प्रवरेला मिळते तिथली आणि एक अकोल्याच्या मुलांनी रतनगडाकडच्या ओढ्यातून आणलेली. वर्गाच्या खिडकीत तीन दिवस ठेवायच्या, हात लावायचा नाही. जूनच्या पहिल्या पुरात म्हाळुंगीच्या बाटलीत रुपयाच्या नाण्याएवढा जाड थर बसायचा. ऑगस्टमध्ये नदीला पाणी जास्त, थर मात्र निम्म्याहून कमी. दिवाळीनंतर तळ स्वच्छ.

रतनगडाकडची बाटली मात्र भर पावसातही आमच्याइतकी गढूळ नसे. "गुरुजी, तिकडं पाऊस कमी असेल," असं एकजण हमखास म्हणायचा. खरं तर तिकडे आमच्या कितीतरी पट पाऊस! पण तिथे झाडी आहे, कातळ आहे, पाणी थोपवणारी भातखाचरं आहेत. आमच्याकडे पहिल्या वळवाला सापडते ती नांगरून भुसभुशीत केलेली उघडी माती. खरिपाने जमीन झाकली की नदी आपोआप निवळते.

म्हणजे वर्षाचा बहुतेक गाळ पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत वाहतो. वरचा भंडारदऱ्यात अडतो (धरण १९२६ चं), खालचा प्रवरासंगमावरून गोदावरीत आणि पुढे जायकवाडीत. मग उन्हाळ्यात पोकलेन लावून, डिझेल जाळून आपण आपलीच माती परत आणायची! साचलेला गाळ काढावाच, माझा विरोध नाही. पण त्याआधी मे महिन्यात बांध धड करावेत आणि नांगरट उताराला आडवी करावी. पैसा आधी तिथे जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सांगण्याचा मला फारसा अधिकार नाही. कांद्याचे चार वाफे वाढावेत म्हणून आमच्या वावरातला मधला बांध फोडायचं ठरलं, तेव्हा मीही मान डोलावली होती. ओढ्याकडच्या कोपऱ्यात आता मुरूम दिसतो. पुतण्याने आणलेला गाळ तिथेच पसरलाय.

असो. बांध पुन्हा घालायचा खर्च मी देतो, असं त्याला कळवलंय. अजून उत्तर नाही. जूनमध्ये घरी येणाऱ्या नातेवाइकांनी येताना एक रिकामी काचेची बाटली आणावी, झाकणासकट.