नव्या गाडीला एबीएस, पण एमएच-३१ च्या जुन्या गाडीच्या ब्रेकचं काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२५ मध्ये एक मसुदा अधिसूचना काढली. १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या सगळ्या दुचाकींना एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, सक्तीची करावी, असा प्रस्ताव त्यात होता. हे खातं नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडे आहे, त्यामुळे नागपुरात त्याची चर्चा जास्तच झाली.

पण हा प्रस्ताव नव्या गाड्यांपुरता आहे. एमएच-३१ किंवा एमएच-४० नंबरच्या, १२-१५ वर्षं जुन्या ज्या मोटरसायकली रोज वर्धा रोडवर धावतात, त्यांचं काय?

प्रश्न किती गंभीर आहे?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. सगळेच अपघात ब्रेकमुळे होतात असं नाही. पण ताशी ६० किमी वेगात गाडी एका सेकंदात १६ मीटरहून जास्त पुढे जाते. वेग ४० वरून ६० केला, तर ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट होतं. ब्रेक झिजलेले असतील, तर ते आणखी वाढतं.

जुन्या गाडीची तपासणी कोण करतं?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा आरटीओत गाडी तपासली जाते. २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये २ हजार रुपये करण्यात आलं. म्हणजे पहिली १५ वर्षं आणि नंतरची प्रत्येक पाच वर्षं, ब्रेक बघण्याची जबाबदारी जवळपास पूर्णपणे मालकाची.

ड्रम ब्रेक असेल तर काय बघायचं?

ड्रमच्या आत दोन ब्रेक शू असतात. त्यांचं लायनिंग झिजत जातं, तसं आपण नट आवळत जातो. एक दिवस नट संपतो, पण तोपर्यंत लायनिंगही संपलेलं असतं. अनेक गाड्यांत ब्रेकच्या आर्मवर बाण आणि पॅनलवर खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला, तर नट आवळून उपयोग नाही, शू बदला. ड्रमसुद्धा झिजतो, त्याची कमाल मापाची मर्यादा बहुतेक वेळा आतल्या बाजूला कोरलेली असते.

पुढच्या ब्रेकची केबल जड चालत असेल, तर तीही बदला. आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

डिस्क ब्रेक असेल तर?

पॅड सगळे बघतात, ऑइल कोणी बघत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ ऑइल नवं असताना २३० अंशांना उकळतं. ओलावा मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबला की ऑइल तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलपर्यंत येतो, पण गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. बाटली सीलबंद हवी आणि डॉट नंबर टाकीच्या झाकणावर असतो तोच. रबरी पाइपला भेगा असतील, तर तोही बदलायचा.

ड्रम काढून डिस्क लावता येते का?

तांत्रिकदृष्ट्या अनेक गाड्यांत येते. पण त्यासाठी फक्त डिस्क पुरत नाही. कॅलिपर बसवायला जागा असलेला फोर्क, वेगळा हब आणि मास्टर सिलिंडर, सगळं एकमेकांना जुळणारं लागतं. वेल्डिंग करून कॅलिपर बसवणं धोक्याचं आहे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामुळे आधी आरटीओत विचारा. मूळ मापाचे शू, पॅड किंवा केबल टाकणं ही दुरुस्ती आहे, बदल नाही.

आणि बाहेरून एबीएस?

खऱ्या एबीएसला चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, कंट्रोल युनिट आणि दाब कमी-जास्त करणारा मॉड्युलेटर लागतो. ब्रेकच्या पाइपला जोडायचं स्वस्त ‘एबीएस’ हे तसं काम करत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

मग करायचं काय?

चांगले शू, ताजं ऑइल आणि खाचा शिल्लक असलेले टायर. शिवाय सवय. ब्रेक दाबल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. घसरण्याच्या भीतीने अनेकजण फक्त मागचाच दाबतात. दोन्ही एकत्र, हळूहळू दाब वाढवत वापरायला रिकाम्या रस्त्यावर शिका.

ब्रेक शूची जोडी काहीशे रुपयांत येते. नोंदणीच्या शुल्कापेक्षा हा खर्च कमी आहे आणि त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट बघावी लागत नाही.